चारुलताचे एक्क्याऐंशी

सातवीत असताना चारुलताने बक्षीस समारंभात मुख्याध्यापकांना भर सभेत थांबवलं होतं. निबंध स्पर्धेचा पहिला नंबर म्हणून त्यांनी तिचं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या, आणि ही स्टेजवर चढून त्यांच्या कानाशी न बोलता थेट माइकसमोर म्हणाली, "सर, माझा दुसरा आहे. पहिला कुंदनचा." मुख्याध्यापकांनी चष्मा लावून यादी पुन्हा पाहिली, तर खरंच तसं होतं. घरी आल्यावर तिच्या आईने, कुंदाबाईने, कपाळाला हात लावला. "देऊ राह्यले होते तं घेऊन घ्यायचं ना माय!"

"दुसरा आला तर दुसराच सांगणार," चारुलता दप्तर टाकत म्हणाली. "उद्या पहिला आला आणि कोणी दुसरा म्हणालं, तर तेव्हाही मी गप्प बसणार नाही."

पोरगी अशी होती. गावाला तिची ही सवय ठाऊक होती आणि गाव तिच्यापासून जरा जपूनच असायचं.

गाव जळगाव जिल्ह्यात, सावद्यापासून आत, सातपुड्याच्या पायथ्याला. चहूबाजूंनी केळी. घर मोठं, एकत्र. घरात शब्द चालायचा तो जीवराम नानांचा, म्हणजे चारुलताच्या थोरल्या काकांचा. तिचे वडील सुकदेव हे धाकटे. बागेत पाणी कधी सोडायचं, घड कधी कापायचे, कोणाच्या लग्नाला कोणी जायचं, हे नाना ठरवत आणि सुकदेव मान हलवत. त्यांना भावाचा धाक होता असं नाही. मान हलवायची इतकी सवय लागली होती की हलवली नाही तर काय करायचं, हे त्यांना सुचत नसे.

नानांचा मुलगा पियुष चारुलतापेक्षा चार महिन्यांनी मोठा. दोघं एका वर्गात, एका बाकावर. दहावीनंतर दोघांनी सायन्स घेतलं. बारावीला पियुषला सावद्यात रतिलाल सरांचा क्लास लावायचं ठरलं, तेव्हा नाना म्हणाले, "चारूलेही जाऊ दे संगं. त्याचं लक्ष लागत नाही एकट्याचं." अशा रीतीने पियुषचं लक्ष लागावं म्हणून चारुलता क्लासला जाऊ लागली. कशासाठी का असेना, क्लास मिळाला. तिने तो सोडला नाही.

पियुषने फार्मसी करायची हे नानांनी ठरवून टाकलं होतं. एके संध्याकाळी सगळे ओट्यावर बसले असताना चारुलता म्हणाली, "मलाही फार्मसीच करायची आहे. धुळ्याला हॉस्टेलचं चांगलं कॉलेज आहे."

नाना सुपारी कातरत होते. ते हसले. हसणं वाईट नव्हतं. लहान पोराने ट्रॅक्टर चालवू का विचारल्यावर मोठी माणसं हसतात, तसं होतं. "धुळ्याले? हॉस्टेलात? बरं. सीईटीत पियुषच्या पुढे गेलीस तं जाय धुळ्याले, मी स्वतः सोडून येईन. नाही तं अठीच, तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी. चालते?"

"चालतं," चारुलता म्हणाली.

पियुषने मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि पुन्हा खाली घातलं. सुकदेवांनी मान हलवली.

त्या परीक्षा कॉम्प्युटरवर होऊ लागल्याला फार वर्षं झाली नव्हती. सगळ्यांचा पेपर एका दिवशी नसे. हजारो पोरं वेगवेगळ्या दिवशी, कोणी सकाळच्या पाळीत, कोणी दुपारच्या पाळीत बसत, आणि प्रत्येक पाळीला पेपर निराळा. पियुषचा नंबर जळगावात लागला, सकाळच्या पाळीत. चारुलताचा तीन दिवसांनी, धुळ्याला, दुपारी. सुकदेव तिला एसटीने घेऊन गेले. उन्हाने रस्त्याचं डांबर मऊ पडलं होतं.

पेपर उघडला आणि पहिल्या पाच प्रश्नांतच चारुलताच्या लक्षात आलं, की हा सरांनी सोडवून घेतलेल्या पेपरांसारखा नाही. फिजिक्सची गणितं लांबलचक. बायोलॉजीत असे प्रश्न, की चारही उत्तरं बरोबर वाटावीत. बाजूच्या मुलीने अर्ध्या तासात माउस सोडून दिला आणि डोळे पुसत बसली. चारुलताने ठरवलं, की जे येतं ते आधी, जे येत नाही ते शेवटी, आणि रडायचं ते बसमध्ये. बाहेर आली तेव्हा गेटवर सगळी पोरं एकच बोलत होती. एक मुलगा आपल्या वडिलांना म्हणत होता, "पप्पा, असा पेपर कोणी काढतं का?" बसमध्ये ती रडली नाही. सुकदेवांनी विचारलं, "कसा गेला?" ती म्हणाली, "वाईट. पण सगळ्यांनाच वाईट गेला."

पियुषचा पेपर बरा गेला होता. क्लासमध्ये आलेले बरेच प्रश्न तसेच्या तसे पडले, असं तो घरी आल्याबरोबर म्हणाला होता.

काही दिवसांनी वेबसाइटवर आपली उत्तरं आणि बरोबर उत्तरं ताडून बघायला मिळाली. दोनशे मार्कांचा पेपर. पियुषचे एकशे चार होत होते. चारुलताचे सत्त्याण्णव.

नानांनी त्याच संध्याकाळी पेढे आणवले. पियुषची आई पुष्पाबाई, जिला चारुलता मोठीआई म्हणायची, तिने चारुलताच्या हातावरही पेढा ठेवला. "वाईट नको वाटून घेऊ. थोडक्यात गेलं तुझं."

"अजून निकाल लागला नाही, मोठीआई," चारुलता म्हणाली. पेढा तिने खाल्ला. पेढ्याशी तिचं भांडण नव्हतं.

नाना म्हणाले, "निकाल काय निराळा लागणार शे का? एकशे चार ते एकशे चार. बीएस्सीचा फॉर्म सोमवारी आणून घे सुकदेव."

सुकदेवांनी मान हलवली.

निकाल जूनमध्ये लागला. चारुलताने वडिलांच्या फोनवर उघडला. त्यावर मार्क नव्हतेच. लिहिलं होतं पर्सेंटाइल, आणि पुढे एक्क्याऐंशी पूर्णांक काहीतरी. आधी तिलाही काही कळेना. सत्त्याण्णव मार्कांचे एक्क्याऐंशी कसे? तिला वाटलं, दुसऱ्याच कोणाचा निकाल आपल्या नावावर आला. मग पियुषचा उघडला तर शहात्तर. हे तर आणखीच गूढ.

ती बातमी आवरून ठेवेपर्यंत शेजारच्या वच्छलाबाईंनी कुंदाबाईकडून ती काढून घेतली होती. "एक्क्याऐंशी टक्के! माय गं, एवढे आमच्या गल्लीत कोणाले पडले नाही." कुंदाबाईचा चेहरा असा फुलला, की तो मावळवणं चारुलताच्या जिवावर आलं. पण तोवर तिने सीईटीच्या वेबसाइटवरची सूचना शोधून दोनदा वाचली होती, आणि ती जे समजली होती ते गिळणं तिला जमणारं नव्हतं.

"टक्के नाहीत ते, वच्छलामावशी. टक्के काढले तर साडेअठ्ठेचाळीस होतात."

कुंदाबाई कळवळली. "अगं, गप बस ना! कोणी विचारलं तुले?"

"पण एक्क्याऐंशी पण खरे आहेत," चारुलता म्हणाली. "ते दुसरं काहीतरी सांगतात. माझ्या पाळीत जितके बसले, त्यांतल्या दर शंभरातले एक्क्याऐंशी माझ्या बरोबरीला नाही तर मागे. एवढंच. मी किती लिहिलं ते त्यात नाही. मी कुठं उभी आहे ते आहे."

वच्छलाबाईंनी यातलं फक्त 'अठ्ठेचाळीस' उचललं आणि त्या गेल्या. दिवेलागणीला ते अठ्ठेचाळीस नानांच्या ओट्यावर पोचले होते.

तिथे मग ते झालं, ज्याची त्या गल्लीत अजून आठवण काढतात.

नानांनी तिला हाक मारून बोलावलं. सुकदेव खांबाला टेकून बसलेले, पियुष पायरीवर, दोघी जावा दारात. नाना म्हणाले, "तुझ्या तोंडानेच सांगितलं म्हणे तू, अठ्ठेचाळीस टक्के. पियुषचे बावन्न. बावन्न मोठे का अठ्ठेचाळीस?"

"बावन्न मोठे."

"मंग झालं!"

"नाही झालं, नाना. त्याचा पेपर वेगळा होता, माझा वेगळा. त्याच्या पाळीतले शंभरातले शहात्तर त्याच्या मागे आहेत, माझ्या पाळीतले एक्क्याऐंशी माझ्या मागे. मी पुढे आहे."

"कमी मार्क घेऊन पुढे?" नानांनी सगळ्यांकडे बघून हात पसरले. "हे कुठलं गणित?"

चारुलता पायरीवर न बसता उभीच राहिली. "तुमचंच गणित आहे. त्या वर्षी नदीपलीकडच्या बागेला वादळ लागलं होतं, आठवतं? घडामागे रास सोळा किलोची पडली. दरवर्षी बाविसाची पडते. तेव्हा तुम्ही तोंड लपवून बसलात का? सावद्याच्या चौकात उभं राहून सांगत होता, की सगळ्या शिवारात कोणाची बारा-तेराच्या वर गेली नाही, जीवरामची सोळा पडली. वादळात सोळा म्हणजे काय, ते कळायला शेतकरी लागतो, असं म्हणाला होता. मी ट्रॉलीवर बसले होते, ऐकत होते."

कुंदाबाईच्या मागे पुष्पाबाईला खोकला आला. तो हसू दाबल्याचा होता की काय, हे कोणी विचारलं नाही.

"माझ्या पेपराला वादळ होतं," चारुलता म्हणाली. "त्याच्या पेपराला नव्हतं. हे सरकारला कळतं म्हणून त्यांनी मार्क छापलेच नाहीत."

नानांनी हातातली सुपारी बाजूला ठेवली. मग त्यांनी खिशातून फोन काढला. "रतिलाल सरांले विचारतो. शिकलेला माणूस शे." आणि स्पीकर लावून फोन समोर ठेवला.

सरांचा आवाज आला. नानांनी विचारलं, "सर, पियुषचे मार्क जास्त आणि हिचं ते काय म्हणतात ते जास्त. तं पुढे कोण?"

रतिलाल सरांना उत्तर माहीत होतं. पण नानांचं घर गावातलं मोठं होतं, नानांच्या शब्दावर त्या बाजूची दहा-बारा पोरं क्लासला येत होती. "तसं बघायला गेलं तर नाना, दोन्ही मुलं हुशार आहेत. पियुषचं कन्सेप्ट चांगलं आहे, चारुलता मेहनती आहे. आता पर्सेंटाइल ही जरा गुंतागुंतीची..."

चारुलता फोनपाशी वाकली. "सर, मी चारुलता. मेरिट लिस्ट कशावर लागते?"

"हां, बेटा. पर्सेंटाइलवर."

"मार्कांवर लागते का?"

"नाही, तशी नाही लागत."

"मग त्या लिस्टमध्ये आधी नाव कोणाचं येईल? माझं की पियुषचं? एकच नाव सांगा."

फोनमधून पंख्याची घरघर ऐकू आली. "तुझं," सर म्हणाले.

नानांनी फोन बंद केला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी थंडपणे म्हणाले, "तो सरकारचा हिशोब. माझ्या घरात मार्क म्हणजे मार्क. मी मार्काचंच म्हटलं होतं."

"तुम्ही 'पुढे' म्हणाला होता," चारुलता म्हणाली. "याच ओट्यावर. पियुषच्या पुढे गेलीस तर जा धुळ्याला. बाबा होते, आई होती." तिने पायरीकडे बघितलं. "पियुष होता. सांग ना पियुष, नाना काय म्हणाले होते?"

पियुष मोबाइलवर अंगठा फिरवत राहिला. त्याचे कान लाल झाले होते, पण तो बोलला नाही. नानांच्या नकारापेक्षा तिला ते जास्त लागलं. एका बाकावर बारा वर्षं बसलेला मुलगा. त्याच्या वह्या तिने भरल्या होत्या.

"काकाले खोटं पाडू राह्यली तू?" नाना म्हणाले.

"मी नाही पाडत. तुम्ही शब्द दिला होता. तो पाळला तर खरे, नाही पाळला तर..." ती थांबली. पुढचं तिने म्हटलं नाही. सगळ्यांनी ऐकलं मात्र.

नाना उठले. "जायचं असेल तं जाय. या घरातलं कोणी धुळ्याले येणार नाही तुझ्या संगं."

आणि दारातून कुंदाबाई म्हणाली, "मी जाईन."

ती बाई त्या घरात वीस वर्षं नांदली होती आणि थोरल्या दिरासमोर तिने कधी इतकं मोठ्याने तीन शब्दही उच्चारले नव्हते. पदर डोक्यावरून घसरला होता, तो तिने सावरला नाही. तिला पर्सेंटाइल कळलं नव्हतं, पुढेही कधी फारसं कळलं नाही. पण फोनमधलं 'तुझं' तिला कळलं होतं.

कागदपत्रं तपासून घ्यायच्या दिवशी मायलेकी पहाटे निघाल्या. बसस्टॉपपर्यंत चालत जायचं म्हणून चपला घालत होत्या, तर बाहेर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. सुकदेव बसलेले होते. कुंदाबाईकडे न बघता ते म्हणाले, "बसा. तिघं मावतो." स्टॉपवर उतरवून ते परत गेले. भावाला काय सांगितलं ते त्यांनाच माहीत. पण त्या दिवशी बागेत ते उशिरा पोचले आणि उशीर का झाला हे त्यांनी सांगितलं नाही. सुकदेवांच्या मानाने हे पुष्कळ होतं.

चारुलताला धुळ्याचं कॉलेज मिळालं. पहिल्या पसंतीचं. आणि गंमत अशी की पियुषलाही मिळालं, जळगाव जिल्ह्यातलं एक. जागा भरपूर होत्या. या दोघांमधल्या एकालाच मिळेल असं सरकारने कधीच म्हटलं नव्हतं. ती शर्यत नानांनी ओट्यावर बसून काढली होती. हे चारुलताला यादी बघताना उमगलं, आणि तिला हसूही आलं आणि रागही. पियुषच्या शहात्तरलाही काही कमी म्हणायचं कारण नव्हतं. कोणी तिला विचारलं असतं, तर तिने तेही सांगितलं असतं.

हॉस्टेलवर पहिल्या रात्री तिला करमेना. खोलीत साक्रीकडची कामिनी होती. तिने चटणीचा डबा पुढे सरकवला. "घाबरू नको. आठे बठ्ठी आपलीच पोरी शेतस." इथे सगळ्या आपल्याच पोरी, असं ती म्हणत होती. चारुलताला ती अहिराणी आधी अर्धीच कळली, पण चटणी पूर्ण कळली. चार वर्षं त्या एका खोलीत राहिल्या.

पहिल्या वर्षी चारुलता एका पेपरात नापास झाली. बायोलॉजी घेऊन आलेल्यांना तिथे गणिताचा एक पेपर द्यावा लागतो, त्यात. कामिनी म्हणाली, "घरी नको सांगू. पुढल्या सेमिस्टरले निघी जाई, कोनले कयस?" कोणाला कळणार, असं तिचं म्हणणं. चारुलताने त्याच दुपारी फोन लावला, तोही नानांच्या नंबरवर.

"नाना, मी गणितात राहिले. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी सांगते."

नाना म्हणाले, "मी म्हटलंच होतं."

"तुम्ही असं नव्हतं म्हटलं. तुम्ही म्हटलं होतं जाऊ नको. मी राहिले ते परत बसेन. येत्या परीक्षेत." आणि ती बसली, आणि सुटली. तेही तिने फोन करून सांगितलं. त्या वेळी नाना "बरं" म्हणाले.

डिग्री झाली, रजिस्ट्रेशन झालं, आणि जळगावात एका खासगी दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवर तिला नोकरी लागली. पिंप्राळ्यात एका कॉलनीत तिने खोली घेतली. जुनी स्कूटर घेतली. कुंदाबाई महिन्यातले आठ दिवस येऊन राहायची आणि येताना पिशवीत केळी आणायची. जळगावात काय केळी मिळत नाहीत का, असं चारुलताने एकदाच विचारलं. पुन्हा विचारलं नाही.

पियुषने कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं होतं. त्याचं मन त्यात नव्हतंच. कोणी त्याला विचारलंच नव्हतं. नानांनी त्याला सावद्यात मेडिकल काढून द्यायचं ठरवलं. गाळा झाला, कपाटं झाली, फ्रिज आला, बोर्ड रंगला. राहिला फक्त फार्मासिस्ट, कारण त्याशिवाय परवाना मिळत नाही.

म्हणून एके रविवारी नाना पिंप्राळ्याला आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारात चपला काढल्या, खोलीभर नजर फिरवली, खुर्चीवर बसले. कुंदाबाई तेव्हा तिथेच होती, तिने चहा टाकला.

"चांगली राह्यते," नाना म्हणाले. मग मुद्द्यावर आले. "तुझं ते सर्टिफिकेट पाहिजे. भिंतीवर लावायचं, बस. तुले यायचं काम नाही. पियुष बघीन सगळं. तुले दर महिन्याले घरबसल्या मिळत जाईल."

चारुलता समोर पलंगावर बसली होती. "नाना, त्या सर्टिफिकेटवर माझा फोटो आहे. ते जिथं लागेल तिथं मी उभी असेन. मी नसेन तिथं ते लागणार नाही."

"लोकं लावतातच ना."

"लोकांचं लोक बघतील."

"अगं, घरातल्या घरात कसला आला कायदा?"

"पियुषच्या हातून कोणाच्या लेकराला भलती गोळी गेली तर पोलिस घरातल्या घरात येतील का? माझ्या नावाने येतील."

नानांचा आवाज चढला. "या घराने तुले शिकवलं."

स्वयंपाकाच्या ओट्याशी कुंदाबाईच्या हातातला चमचा थांबला. चारुलताने मात्र आवाज चढवला नाही. "शिकवलं. नाही म्हणत नाही. रतिलाल सरांचा क्लास तुम्ही लावला. पियुषच्या सोबतीसाठी लावला, पण लावला. म्हणून एक सांगते, तेवढं मी करेन. दुकानाचा परवाना माझ्या नावावर काढा. मी नोकरी सोडून सावद्याला येते, दिवसभर काउंटरवर उभी राहते, आणि पियुषला कामावर ठेवते. हाताखाली शिकेल. पगार देईन."

"पियुषले तू पगार देशील?"

"वेळेवर देईन."

नाना उठले. चहा तसाच राहिला. चपला घालताना त्यांचा तोल जरा गेला, तर चारुलताने पुढे होऊन हात दिला. त्यांनी तो धरला, सावरले, सोडला, आणि जिना उतरून गेले. कुंदाबाई म्हणाली, "इतकं तोडून बोलायचं नव्हतं." चारुलता म्हणाली, "मी चेष्टा नव्हते करत, आई. ते हो म्हणाले असते तर मी गेले असते."

नानांनी दुसरीकडून कोणाचं तरी सर्टिफिकेट आणलं. दुकान सुरू झालं. वर्षभराने औषध खात्याची तपासणी आली, तेव्हा भिंतीवर फोटो होता आणि फोटोतला माणूस दोनशे किलोमीटरवर होता. परवाना थांबला, शटर खाली आलं. गावाने चारुलताकडे बघितलं, की आता ती काही बोलेल. ती काही बोलली नाही. बोलायला तिच्यापाशी कोणी आलं असतं तर बोललीही असती. पण कोणी आलं नाही.

पियुष आला, दोन महिन्यांनी. एकटाच, मोटरसायकलवर. दारातच उभं राहून म्हणाला, "त्या दिवशी ओट्यावर मी बोलायला पाहिजे होतं."

"हो," चारुलता म्हणाली. "पाहिजे होतं."

ती 'जाऊ दे' म्हणेल असं त्याला वाटलं असावं. ती म्हणाली नाही. पण आत ये म्हणाली. दोघं जेवले. त्याने सांगितलं, तो आता केळीच्या रोपांच्या धंद्यात पडतोय, टिश्यू कल्चरची रोपं, आणि त्यात त्याला मजा येते. चारुलताने पहिल्यांदाच त्याला मोबाइलकडे न बघता सलग अर्धा तास बोलताना पाहिलं. नानांना सांगितलंस का, असं तिने विचारलं. "नाही सांगितलं." "मग सांग," ती म्हणाली. "ओट्यावर बसून सांग. मी सांगणार नाही तुझ्या वतीने." सांगताना तो नानांपुढे चाचरला म्हणे, पण त्याने सांगितलं.

यंदाच्या चैत्रात चारुलताने पिंप्राळ्यात स्वतःचं मेडिकल उघडलं. छोटंच, दोन कपाटं आणि एक काउंटर. बोर्डवर दुकानाच्या नावाखाली तिचं पूर्ण नाव आहे आणि नोंदणी नंबर आहे. पेंटर म्हणाला होता, की नंबर बारीक काढू का, तर तिने मोठा काढायला लावला. कामिनी धुळ्याहून आली होती. सुकदेवांनी नारळ फोडला. नाना आले नाहीत. पुष्पाबाई आली, पेढे घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर गेलं आणि पहिलं गिऱ्हाईक आलं. चाळिशीचा, इस्त्रीचे कपडे, घाईत. झोपेच्या गोळ्यांचं नाव घेतलं आणि म्हणाला, "दोन पत्ते द्या."

"डॉक्टरांची चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही. नेहमीच्या आहेत माझ्या."

"चिठ्ठीशिवाय नाही मिळणार."

"अहो मॅडम, चौकातला देतो."

"मग चौकात जा," चारुलता म्हणाली. "किंवा डॉक्टरांकडे जाऊन या, मी लगेच देते."

तो पुटपुटत गेला. मागे स्टुलावर बसलेल्या कुंदाबाईने हळहळून म्हटलं, "बोहनीचं गिऱ्हाईक होतं गं. पहिल्याच दिवशी परत पाठवलं."

"दुसरं येईल," चारुलता म्हणाली, आणि काउंटरवरची धूळ पुसायला लागली. बाहेर रिक्षा थांबली. एक म्हातारी नातवाला घेऊन उतरत होती, आणि तिच्या मुठीत घडी केलेला कागद होता.